विश्लेषण : आयर्लंडमधील छोट्या गावात राहणे कसे असते? माणसे परतली, पण बँक, डॉक्टर आणि घर का मिळेना?

परदेशातील नोकरी म्हटले की डोळ्यांसमोर लंडन, न्यूयॉर्क किंवा फार तर डब्लिन येते. प्रत्यक्षात आयर्लंडला गेलेल्या अनेक भारतीय नर्स आणि केअर होममधील कर्मचाऱ्यांची पहिली नोकरी दोन-चार हजार वस्तीच्या गावात असते. मुख्य रस्ता एक, चर्च एक, सुपरमार्केट एक आणि संध्याकाळी सहानंतर शुकशुकाट. आयर्लंडच्या 2022च्या जनगणनेनुसार तेथील भारतीय नागरिकांची संख्या 45 हजारांच्या वर आहे. 2016 मध्ये ती साडेअकरा हजारांच्या आसपास होती. त्यामुळे हे गाव नेमके असते कसे, हा प्रश्न आता केवळ पर्यटकांचा राहिलेला नाही.

छोटे गाव म्हणजे केवढे?

उदाहरण म्हणून बॅलीहॉनिस घेऊ. पश्चिम आयर्लंडमधील मेयो काउंटीतील (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) हे गाव. लोकसंख्या पावणेतीन हजारांच्या आसपास. तिथे त्याला ‘टाउन’ म्हणतात; आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते. डब्लिन-वेस्टपोर्ट रेल्वेमार्गावर त्याचे स्थानक आहे. दिवसातून मोजक्या गाड्या थांबतात आणि डब्लिनला पोहोचायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. जवळच नॉकचा विमानतळ आहे. 1980च्या दशकात एका कॅथलिक धर्मगुरूच्या हट्टातून तो दलदलीच्या टेकाडावर उभा राहिला, तेव्हा राजधानीतील अनेकांनी त्याची टिंगल केली होती.

एवढ्याशा गावाची राष्ट्रीय पातळीवर चर्चा होते ती वेगळ्याच कारणासाठी. 2016च्या जनगणनेत येथील 39.5 टक्के रहिवासी आयरिश नागरिक नव्हते. हे प्रमाण देशातील सर्व शहरा-गावांमध्ये सर्वाधिक होते.

इतके परदेशी लोक इथे आले कसे?

उत्तर आहे मांस. 1970च्या दशकात शेर रफीक या पाकिस्तानी उद्योजकाने येथे हलाल मांसप्रक्रिया कारखाना सुरू केला. भोवताली गुरे-मेंढ्यांचे शेतकरी होते आणि पश्चिम आशियात मागणी होती. हलाल पद्धतीसाठी मुस्लीम कामगार लागत, ते पाकिस्तान आणि अन्य देशांतून आले. 1987 मध्ये गावात मशीद उभी राहिली. कॅथलिक चर्चचा दबदबा असलेल्या देशात, डब्लिनबाहेर, एका बाजारगावात. पुढे पूर्व युरोपातील कामगार आले, निर्वासित आले, 2022 नंतर युक्रेनमधील कुटुंबे आली.

बॅलीहॉनिस एकटे नाही. गॉलवे काउंटीतील गॉर्ट या गावात 1990च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमधील अनापोलिस शहराच्या परिसरातून कामगार आले, तेही मांस कारखान्यासाठीच. आज गॉर्टमध्ये पोर्तुगीज सहज कानावर पडते.

याकडे पाहताना एक जुना आकडा लक्षात ठेवायला हवा. 1841 मध्ये मेयोची लोकसंख्या 3 लाख 89 हजारांच्या घरात होती. त्यानंतर बटाट्यावरील रोगाने महादुष्काळ पडला, माणसे मेली, उरलेली जहाजात बसून अमेरिका-इंग्लंडला गेली आणि जाणे पुढच्या शंभर वर्षांत थांबलेच नाही. 2022 मध्ये मेयोत 1 लाख 38 हजार लोक होते. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या जेमतेम एक तृतीयांश. देशाची लोकसंख्या 50 लाखांच्या वर गेली तीही 1851 नंतर प्रथमच, 2022 मध्ये. कोकणातील कुलूपबंद घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र नवे वाटणार नाही. दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील डॉक्टर म्हणून परदेशी गेले, त्यांचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड. पंतप्रधानपदी असताना, 2019च्या डिसेंबरात, वराडकर तिथे येऊन गेले होते.

माणसे वाढली, मग सोयी का कमी झाल्या?

खरी मेख इथे आहे. गावात माणसे परतू लागली त्याच काळात संस्था निघून जाऊ लागल्या. 2018 मध्ये आयरिश टपाल खात्याने सुमारे 160 छोटी टपाल कार्यालये बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. 2021 मध्ये बँक ऑफ आयर्लंडने शंभराहून अधिक शाखा बंद केल्या आणि त्याच वर्षी अल्स्टर बँकेने देशातूनच गाशा गुंडाळण्याची घोषणा केली. 2022च्या जुलैमध्ये एआयबी बँकेने आपल्या 70 शाखांमधून रोकड व्यवहार बंद करण्याचे ठरवले, तेव्हा ग्रामीण भागातून इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच बँकेने माघार घेतली.

प्रत्येक निर्णयामागचे तर्कशास्त्र एकच : व्यवहार मोबाइलवर होतात, शाखेत कोण येते? ते चूक नाही. पण शाखेत येणारा नेमका कोण, तर सत्तरी ओलांडलेला शेतकरी आणि नुकताच आलेला परदेशी कामगार. एकाला अ‍ॅप जमत नाही, दुसऱ्याकडे खाते उघडायला लागणारा पत्त्याचा पुरावा नसतो. ही पोकळी काही प्रमाणात ‘क्रेडिट युनियन’ भरून काढतात. सभासदांच्या ठेवी, सभासदांनाच कर्ज. आपल्याकडील पतसंस्थेसारखीच रचना.

डॉक्टरांचे त्याहून अवघड. आयर्लंडमध्ये आजारी पडल्यावर थेट तज्ज्ञाकडे जाता येत नाही. आधी ‘जीपी’, म्हणजे फॅमिली डॉक्टर. अनेक छोट्या गावांत जीपींची यादी भरलेली असते, नवे रुग्ण घेत नाहीत. जुना डॉक्टर निवृत्त झाला की जागा भरायला कोणी मिळत नाही. कमी उत्पन्न, वय अशा निकषांवर मिळणारे कार्ड नसेल तर एका भेटीला साधारण 50 ते 70 युरो, म्हणजे पाच ते सात हजार रुपये पडतात. गावातील केअर होममध्ये वृद्धांची सेवा करणाऱ्या परदेशी नर्सला स्वतःच्या मुलाच्या तापासाठी 20 किलोमीटरवरचा दवाखाना शोधावा लागतो, तो यामुळे.

रिकामी घरे आहेत, तरी घर का मिळत नाही?

आयरिश गावाच्या मुख्य रस्त्यावर चालताना एक गोष्ट खटकते. खाली दुकान, वरच्या मजल्यावर मळलेले पडदे आणि आत कोणीच नाही. 2022च्या जनगणनेत देशभरात 1 लाख 66 हजार 752 घरे रिकामी आढळली. त्यातील 48 हजारांहून अधिक घरे आधीच्या जनगणनेतही रिकामीच होती. पश्चिमेकडील काउंट्यांत हे प्रमाण सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे. आणि त्याच गावात भाड्याने घर शोधायला गेले तर जाहिराती एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या.

कारणे आपल्या ओळखीची आहेत. वारसांमध्ये वाद, एक भाऊ बोस्टनला आणि बहीण मँचेस्टरला, कागदपत्रे अपुरी, ओल आलेल्या भिंती. दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीहून जास्त. दुकानाच्या वरच्या मजल्याला स्वतंत्र जिनाच नाही, त्यामुळे अग्निसुरक्षेचे नियम आड येतात. सरकारने 2022 मध्ये ‘क्री कोनाहे’ नावाची योजना आणली. पुढे तिची रक्कम वाढवण्यात आली. आता रिकामे घर दुरुस्त करण्यासाठी 50 हजार, तर मोडकळीस आलेल्या घरासाठी 70 हजार युरोपर्यंत अनुदान मिळते. मात्र आधी घर विकत घ्यावे लागते. दोन वर्षांच्या वर्क परमिटवर आलेल्या कामगाराला त्याचा उपयोग नाही.

गाडीशिवाय भागते का?

नाही. ग्रामीण भागात ‘लोकल लिंक’ नावाच्या सरकारी बससेवेच्या फेऱ्या गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत. पण सकाळची पाळी गाठायची असेल किंवा रात्री पाळी संपवून परतायचे असेल, तर बसवर विसंबता येत नाही. आयर्लंडमध्ये वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, इतपत सोय आहे. अडचण लायसन्सची. भारतीय लायसन्स आयरिश लायसन्समध्ये बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा, शिकाऊ परवाना, मग चाचणी असा रस्ता पुन्हा चालावा लागतो. पहिल्यांदाच परवाना काढणाऱ्याला मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडे 12 सक्तीचे धडे घ्यावे लागतात आणि चाचणीच्या तारखेसाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. शिकाऊ परवान्यावर एकट्याने गाडी चालवणे गुन्हा आहे. नव्या चालकाचा विमाही महाग. पहिले वर्ष सहकाऱ्याच्या गाडीत पेट्रोलचे पैसे वाटून घेत जाते, त्यात नवल नाही.

पाऊस? मुंबईकराला त्याचे काय, असे वाटू शकते. पश्चिम आयर्लंडमध्ये वर्षाला 1000 ते 1400 मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईहून कितीतरी कमी. पण तो वर्षातील सव्वादोनशे दिवसांवर पसरलेला असतो. कोसळत नाही, थांबतही नाही. डिसेंबरात दुपारी साडेचारच्या आत अंधार पडतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा त्याची भरपाई होते म्हणतात.

गावात मिसळायचे कसे?

पूर्वी याचे उत्तर ‘पब’ असे एका शब्दात मिळाले असते. आता तेही पुरेसे नाही. 2005 पासून देशातील सुमारे दोन हजार पब बंद झाले आहेत. 2011 मध्ये मद्यपान करून गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा कडक झाली. रस्त्यावरचे मृत्यू रोखण्यासाठी ते गरजेचे होते, पण चार मैलांवरच्या शेतातून एक पाइंट घ्यायला येणारा म्हातारा शेतकरी घरीच बसू लागला.

उरतात दोन गोष्टी : मैदान आणि अंत्ययात्रा.

मैदान म्हणजे जीएए, अर्थात गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन. 1884 मध्ये थर्ल्स या गावातील हॉटेलात स्थापन झालेल्या या संस्थेचे क्लब जवळपास प्रत्येक पॅरिशमध्ये आहेत. डब्लिनमध्ये 80 हजार प्रेक्षकांसमोर खेळणाऱ्या खेळाडूलाही मानधन नसते. सोमवारी तो शाळेत शिकवायला किंवा गायी दोहायला परततो. मेयोने वरिष्ठ फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद 1951 नंतर जिंकलेले नाही आणि हे दुःख तिथे हवामानाइतकेच रोज चर्चिले जाते. परदेशी कुटुंबांसाठी मुलांचा सराव हा गावात शिरण्याचा सर्वात सोपा दरवाजा ठरतो. पाकिस्तानात जन्मलेला आणि बॅलाहडरीन गावात वाढलेला शायरोझ अक्रम 2016 मध्ये मेयोच्या 21 वर्षांखालील विजेत्या संघात होता. गंमत म्हणजे बॅलाहडरीन प्रशासकीयदृष्ट्या शेजारच्या रॉसकॉमन काउंटीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सीमा बदलली, पण क्लब आजही मेयोकडूनच खेळतो.

अंत्ययात्रेचे तसेच. बॅलीहॉनिसमध्येच मुख्यालय असलेल्या मिडवेस्ट रेडिओवर रोज निधनवार्ता वाचल्या जातात आणि त्या वेळी स्वयंपाकघरातला रेडिओ मोठा केला जातो. दोन-तीन दिवसांत अंत्यविधी होतो, त्याआधी मृताच्या घरी किंवा शवगृहात रांग लागते. फारशी ओळख नसली तरी जायचे, हात मिळवायचा, ‘तुमच्या दुःखात सहभागी आहे’ एवढेच म्हणायचे, चहा घ्यायचा. नव्याने आलेला माणूस शेजाऱ्याच्या घरी त्या रांगेत उभा राहिला, की त्याची दखल गावभर घेतली जाते.

शाळेत मात्र थोडी कसरत आहे. देशातील दहापैकी जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या आश्रयाखाली चालतात. प्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा आग्रह कायद्याने 2018 मध्ये मोडीत काढला. तरी दुसरीच्या वर्गात ‘फर्स्ट कम्युनियन’ची तयारी सुरू झाली, की हिंदू किंवा मुस्लीम मूल मागच्या बाकावर चित्रे रंगवत बसते.

भारतीयांसाठी सुरक्षित आहे का?

2025च्या जुलै-ऑगस्टमध्ये डब्लिन परिसरात भारतीयांवर हल्ले झाले. 1 ऑगस्टला भारतीय दूतावासाने खबरदारीची सूचना काढली आणि डब्लिनमधील नियोजित ‘इंडिया डे’ सोहळा पुढे ढकलण्यात आला. या घटना प्रामुख्याने शहरांतील असल्या तरी गावे त्यापासून अलिप्त आहेत, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. 2023च्या डिसेंबरात गॉलवेतील रॉसकाहिल या खेड्यात आश्रयार्थींना ठेवण्यासाठी निवडलेले हॉटेल ते येण्याआधीच पेटवून देण्यात आले. अनेक ठिकाणी निदर्शने झाली. ‘गावात डॉक्टर नाही, तिथे आणखी शंभर माणसे कशी?’ हा निदर्शकांचा ठरलेला सवाल. त्यात वंशद्वेष मिसळलेला असतो हे खरे, पण दवाखान्याची तक्रार खोटी नसते. तीच तक्रार त्या गावातील भारतीय नर्सचीही आहे.

याबाबत दाद कुठे मागायची?

छोट्या गावाला स्वतःचे असे प्रशासन उरलेले नाही. ज्या 80 गावांना नगर परिषदा होत्या, त्याही 2014 मध्ये रद्द झाल्या. बॅलीहॉनिसचे रस्ते, ग्रंथालय, रिकाम्या घरांची अनुदाने असे निर्णय कॅसलबारमधील काउंटी कौन्सिलमध्ये होतात. परंतु एक तरतूद अनेक भारतीयांना ठाऊक नसते. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत देण्यासाठी किंवा उभे राहण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. तिथे वास्तव्य असलेला, 18 वर्षांवरील कोणीही मतदार यादीत नाव नोंदवू शकतो. मागील स्थानिक निवडणूक 2024च्या जूनमध्ये झाली. पुढची 2029 मध्ये होणार आहे.