दोन गांवांतील अंतर

गोंदियास मावशीची प्रकृति बरी नाहीं असें कळल्यावरून आम्हीं भंडाऱ्याहून निघण्याची तयारी चालविली होती. तेव्हां घरांतील शाळकरी चिरंजीवांनीं विचारलें, "विमानानें गेलों तर किती वेळ लागेल?" प्रश्न हंसण्यावारी न नेतां आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों.

पांखराच्या सरळ रेषेनें हें अंतर सुमारें ६५ किलोमीटर भरतें. ताशीं ५०० किलोमीटर वेगाच्या विमानास तेवढ्यासाठीं अवघीं ८ मिनिटें पुरावींत. परंतु हें झालें कागदावरचें गणित. विमान जागेवरून त्या वेगानें निघत नाहीं. चढण्या-उतरण्यांतच त्याहून अधिक वेळ जातो. शिवाय भंडाऱ्यास प्रवासी विमानतळ नाहीं. म्हणजे आधीं उलट दिशेस, ६० किलोमीटरांवरील नागपुरास जाणें आलें. गोंदियाजवळ बिरसी येथें दुसऱ्या महायुद्धाच्या काळची धावपट्टी आहे. तेथून नियमित प्रवासी विमान मार्च २०२२ मध्यें सुरू झालें, तेंही इंदूर व हैदराबाद यांसाठीं. आम्हां शेजाऱ्यांसाठीं नव्हे.

या उलट, वरठी येथील भंडारा रोड स्टेशनापासून गोंदिया लोहमार्गानें सुमारें ६८ किलोमीटर; जलद गाडीस तास-सव्वा तास पुरतो. १८८० च्या दशकांत टाकलेल्या या रुळांपुढें विमानानें हार खावी, ही मौजच नव्हे काय?

पण वाचकहो, अंतराचा खरा हिशेब याहून निराळा आहे. १९९९ पूर्वीं गोंदियाकडील सारे तालुके भंडारा जिल्ह्यांतच मोडत. सालेकशाच्या शेतकऱ्यास जिल्हाकचेरीचें काम निघालें कीं सरळ रेषेनेंच ९० किलोमीटरांच्या घरांत मजल मारावी लागे. साहेब दौऱ्यावर असले तर फेरी फुकट, मजुरी बुडे, आणि भाड्याचे पैसे पुन्हां उभे करावे लागत. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा निराळा झाला, आणि तीच कचेरी ३५ किलोमीटरांच्या आंतबाहेर आली. २०१६ मध्यें गोंदियास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाल्यानें रोग्याची नागपूरची वाटही कित्येक प्रसंगीं वांचली. गाडीचा वेग तिळभर न वाढतां अंतर मात्र घटलें!

तात्पर्य, दूरच्या गांवास जवळ आणण्याचे मार्ग दोन: एक, प्रवाशास लवकर पोंचविणें, दुसरा, त्याला ज्यासाठीं जावें लागतें तें त्याच्या दाराशीं नेणें. पहिल्याचा गाजावाजा फार होतो. गरिबाच्या उपयोगीं बहुधा दुसराच पडतो.

मात्र मायेच्या माणसास दुसरा मार्ग लागू नाहीं. तेथें स्वतःच जावें लागतें. आम्ही दुपारच्या गाडीनें निघून दिवेलागणीस पोंचलों. मावशी उशीस टेकून बसली होती. आमचें ८ मिनिटांचें गणित तिला सांगावें असें मनांत होतें, पण ती म्हणाली, "आलास का रे? सकाळपासून वाट पाहतें आहें."