मोरचुदांतील हिराकस

मावळांतील विद्यार्थ्यांस वळवणचें व शिरोत्याचें धरण नवीन नाहीं. तेथें सांठलेलें पावसाचें पाणी नळांतून घाटाखालीं सुमारें १,७०० फूट उतरतें, आणि टाटांच्या खोपोली येथील वीजगृहांत, १९१५ सालापासून, वीज उत्पन्न करीत आलें आहे. अशा यंत्रांच्या पोटांत तांब्याच्या तारांचीं वेटोळीं असतात. मात्र तें तांबें हंडेघागरींचें चालत नाहीं. शंभर भार तांब्यांत फॉस्फरसचा चार शतांश भार मिसळला, तरी त्याची वीज वाहण्याची शक्ति सुमारें पांचव्या हिश्श्यानें घटते. म्हणून तांबें विजेनेंच शुद्ध करावें लागतें.

ह्या विषयाचा एक प्रयोग आम्हीं गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गास दिला. मोरचुदाच्या पाण्यांत थोडें गंधकाम्ल घालून एका बाजूस जुन्या सेलमधील कार्बनची कांडी व दुसऱ्या बाजूस तांब्याची पट्टी सोडली, आणि अर्धा अँपिअर प्रवाह एक तास चालविला. फॅरडेच्या नियमानें पट्टीवर ०.५९ ग्रॅम तांबें बसावयास हवें होतें. तीनही टोळ्यांचें वजन त्याहून बरेंच कमी भरलें. आम्हीं हयगयीबद्दल मुलांस चार शब्द सुनावले, गुण कापले, व प्रयोग पुन्हां करविला. पुन्हां तेंच! तेव्हां एका मुलीनें भीत भीत विचारलें, “सर, मोरचूदच वाईट असला तर?”

वापरलेल्या त्या पाण्यांत अमोनिया घालतांच द्रव गडद निळा झाला, आणि त्यांत तपकिरी साका दिसूं लागला. ती लोखंडाची खूण होय. फवारणीसाठीं विकल्या जाणाऱ्या त्या मोरचुदांत हिराकस होता.

हें लोखंड करतें काय? कार्बनच्या कांडीपाशीं तें एक इलेक्ट्रॉन देतें, पट्टीपाशीं येऊन तो परत घेतें, आणि पुन्हां कांडीकडे जातें. खंडाळ्याचा घाट रिकाम्या पाटीनें चढून-उतरून मजुरी मागणाऱ्या हमालासारखेंच हें! तांब्याच्या वांट्याची वीज अशा येरझारांत खर्च होते. शिवाय पट्टीवर बसलेलें कांहीं तांबें तें विरघळवूनही टाकतें.

कारखान्यांत कार्बनच्या जागीं अशुद्ध तांब्याची लादी टांगतात, व दाब सुमारें ०.३ व्होल्टच ठेवतात. इतक्या दाबानें सोनें-रुपें विरघळत नाहीं. त्याचा गाळ तळाशीं बसतो, व तो जपून उचलतात. निकेल विरघळतें, पण पट्टीवर बसत नाहीं. खरे उपद्रवी आर्सेनिक, अँटिमनी व बिस्मथ. त्यांची प्रवृत्ति तांब्याच्या जवळची, आणि त्यांचा तरंगता गाळ तांब्याच्या कणांमध्यें अडकतो. म्हणून कांहीं द्रव वरचेवर काढून शुद्ध करावा लागतो. गंमत अशी कीं, त्याच द्रवांत थोडा सरस मुद्दाम घालतात. त्यानें थर गुळगुळीत बसतो.

जस्ताची गोष्ट याहून नाजूक. शुद्ध जस्तावर हायड्रोजन सहजासहजीं सुटत नाहीं, एवढ्याच आधारावर तें विजेनें निघतें. राजस्थानांत तें असेंच काढतात. द्रवांत जर्मेनियम किंवा अँटिमनी दहा लक्ष भागांत एका भागाहूनही कमी असली, तरी हायड्रोजन सुटूं लागतो, आणि बसलेलें जस्त पुन्हां विरघळतें.

शुद्ध मोरचूद आणून केलेल्या तिसऱ्या प्रयोगांत ०.५७ ग्रॅम तांबें भरलें. तीनही टोळ्यांचीं पहिलीं वजनें बरोबर होतीं, हें आम्ही त्यांच्या पालकांस येथें कळवितों. कापलेले गुण परत मांडले आहेत.