चांदबीबीचा गेम कधी येणार?

सावेडीतल्या आपल्या अनेक घरांत मोबाईलवरचा गेम हा मुलांचा हक्क समजला जातो. भाईजान खेळतात आणि बहीण मागे उभी राहून बघते. गेममध्ये लढणारा, घोडा पळवणारा, सल्तनत वाचवणारा असतो पुरुष. त्यामुळे मुलीलाही वाटू लागते की हे आपले काम नव्हे. म्हणून गेमचा नायक कोण, हा प्रश्न आम्हांला फालतू वाटत नाही.

सुरुवातीच्या गेममध्ये बाई असायची ती बहुधा कैदेत पडलेली शहजादी म्हणून. 1986 साली जपानमधून आलेल्या ‘मेट्रॉइड’ने एक गंमत केली. चिलखत घातलेला योद्धा शेवटी शिरस्त्राण काढतो, तेव्हा कळते की ती बाई आहे! 1996 मध्ये ‘टूम रेडर’ची लारा क्रॉफ्ट आली. ती धाडसी होती, पण बनवणाऱ्यांचे लक्ष तिच्या हिमतीपेक्षा तिच्या अंगाकडे आणि तोकड्या कपड्यांकडे जास्त होते. तिच्यावर आयांनी नाक मुरडले असेल तर ते रास्तच होते.

पुढे मात्र चित्र पालटले. 2017 च्या ‘हेलब्लेड’ची सेनुआ मानसिक आजाराशी झुंजते. तिला साकारताना डॉक्टरांचा आणि तो आजार भोगलेल्या माणसांचा सल्ला घेतला गेला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये या गेमला तीन पुरस्कार मिळाले. 2018 मध्ये तिथेच गौरवलेल्या ‘सेलेस्ट’ची मॅडलिन मनातल्या भीतीला तोंड देत डोंगर चढते. ‘वेंबा’ची नायिका तर कॅनडात गेलेली तमिळ आई आहे. ती आपल्या आईच्या फाटक्या पाककृतींच्या वहीवरून इडली करते आणि परक्या मुलखात मुलाशी नाते जपते. 2024 मध्ये या गेमला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. तलवार न उचलणारी, चुलीपुढे उभी असलेली आईसुद्धा नायिका ठरू शकते, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

आपला महाराष्ट्रही यात मागे नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने 2020 मध्ये ‘राजी’ हा गेम आणला. हिंदू पुराणकथांवर बेतलेल्या या गेममध्ये सर्कशीत काम करणारी राजी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला ‘द गेम अवॉर्ड्स’चे नामांकन मिळाले. तो बनवणारी कंपनी उभी करणाऱ्यांत श्रुती घोष ही चित्रकार बाईही आहे. नगरहून पुणे किती लांब? सकाळी एसटीने निघालेला माणूस दुपारच्या आत पोहोचतो.

मग आपली मुलगी या पडद्यावर कुठे दिसते? कमला खान हे एक ठळक नाव. अमेरिकेत वाढलेली, पाकिस्तानी वंशाची ही मुस्लिम मुलगी आधी कॉमिक्समध्ये आली. त्या पुस्तकाला 2015 चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. 2020 च्या ‘मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स’ या गेममध्ये कथा तिच्याभोवतीच फिरते. पण त्या गेमची विक्री 2023 मध्ये बंद झाली.

आम्हांला खंत वाटते ती वेगळीच. सावेडीपासून काही किलोमीटरवर नगरचा भुईकोट किल्ला आहे. 1595 च्या अखेरीस शहजादा मुरादच्या मोगल फौजेने त्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा चांद सुलताना हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तो तट पुन्हा उभा केला. गोळे संपल्यावर तांबे, चांदी, सोने ओतून तोफा डागल्याची आख्यायिका आहे. शेवटी 1596 मध्ये वऱ्हाड देऊन तिने तह केला आणि नगर वाचवले. पुढे 1600 मध्ये किल्ला पडला, तो ती आपल्याच माणसांच्या हातून मारली गेल्यानंतर. तुटपुंजा दारूगोळा, हातात एकच रात्र, बाहेर शत्रू आणि आत फितूर. गेमला आणखी काय हवे? आपली मुले मात्र शहा डोंगरावरच्या सलाबतखानाच्या कबरीलाच ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात आणि तिथे फोटो काढून परत येतात.

वाचकहो, गेम म्हटले की काळजी वाटणारच. प्रत्येक गेमवर वयाची खूण असते, ती आधी पाहा. वर सांगितलेला ‘हेलब्लेड’ फक्त मोठ्यांसाठी आहे. वेळही ठरवून द्या. पण तो नियम मुलगा आणि मुलगी दोघांना सारखाच असू द्या. गेम बनवायला कोड लिहिणारे लागतात, तसेच चित्रकार, संगीतकार, इतिहास जाणणारे आणि गोष्ट रचणारेही लागतात. चित्रकलेत किंवा गणितात रमणाऱ्या मुलीला दहावीनंतर काय, असे विचारतो तेव्हा ही वाटही तिच्यापुढे ठेवावी. चांदबीबीची गोष्ट परक्या कंपनीने सांगण्याची वाट का पाहायची? ती नगरच्या लेकींनी सांगावी. इन्शाअल्लाह, सांगतील.