विश्लेषण : आजीचे पाच तोळे अन् आजचे पाच तोळे सारखे का नाहीत?

जामखेड : घरातल्या सोन्याची वाटणी निघाली की जुनी चिठ्ठीही निघते. ‘पाटल्या, पाच तोळे’. काट्यावर मात्र ५८ ग्रॅमच्या आसपास वजन भरते. चूक कुणाचीच नसते. तोळाच बदललेला असतो.

जुना तोळा किती?
८ गुंजांचा एक मासा, १२ माशांचा एक तोळा. म्हणजे ९६ गुंजा. इंग्रजी अमलात १८३३ मध्ये तोळ्याचे वजन ठरवून दिले गेले. ते आजच्या हिशेबात ११.६६ ग्रॅम. तेव्हाचा चांदीचा रुपयाही एक तोळ्याचाच होता.

मग १० ग्रॅम कुठून आले?
१९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली. सोन्याचा भाव १० ग्रॅमवर सांगितला जाऊ लागला आणि बोलीत त्यालाच ‘तोळा’ म्हणण्याची सवय लागली.

गुंजच का?
लाल, काळ्या ठिपक्याची ही वेलीची बी सहज मिळते आणि साधारण सारख्या वजनाची असते. सुमारे ०.१२ ग्रॅम. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानामधील अकान लोकही सोन्याची भुकटी तोलताना हीच बी वापरत. मोठ्या मापांसाठी ते पितळेची पक्षी, मासे, माणसे अशा आकारांची वजने ओतत. त्यातल्या अनेकांशी एखादी म्हण जोडलेली असे. आपल्याकडे वजनच भाषेत उतरले : ‘तोळामासा’ प्रकृती.

फरक किती पडतो?
एका तोळ्यामागे १.६६ ग्रॅम. पाच तोळ्यांमागे सुमारे ८.३ ग्रॅम. जुन्या चिठ्ठीवरून ५० ग्रॅम धरून वाटणी केली, तर एवढे सोने हिशेबातून सुटते.

काय करावे?
- जुने दागिने आधी ग्रॅममध्ये तोलून घ्या. खडे, मोती, लाख यांचे वजन वेगळे धरा.
- नवा कागद करताना ‘तोळे’ न लिहिता ग्रॅम आणि कॅरेट लिहा.
- वजन म्हणजे शुद्धता नव्हे. जुन्या दागिन्याची शुद्धता हॉलमार्किंग केंद्रात तपासता येते.
- नव्या हॉलमार्क दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक सक्तीचा आहे. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो टाकून पडताळा.