वायर गेली, तिचं काम कोणाकडे गेलं?

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं ड्रिल मशीनवर बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. (हशा) कारण आधी सांगतो. निवृत्तीनंतर मी पुतण्याच्या फर्निचरच्या कारखान्यात रोज सकाळी दोन-तीन तास जातो. आधी नुसता बसायचो, मग हिशेब लिहायला लागलो, आणि आता तिथले सगळ्यात जुने मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते मला सोपी कामं देतात. सहा माणसांचा छोटा कारखाना आहे. गेल्या काही वर्षांत तिथली निम्मी हत्यारं बॅटरीवर आली. या बदलात आमचे थोडे पैसे गेले, माझं थोडं रक्त गेलं, आणि काही गोष्टी कळल्या. त्या आज मांडतो.

इतिहास थोडक्यात. बॅटरीवरचं ड्रिल ही काही कालची गोष्ट नाही. ब्लॅक अँड डेकर कंपनीनं ते १९६१ साली बाजारात आणलं. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी बॅटरीवरच्या ड्रिलनं चंद्रावर भोकं पाडली. पण त्या जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या जड होत्या आणि लवकर दमायच्या. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी विक्रीला आली. पुढं ती हत्यारांत शिरली, आणि कारखान्याचं चित्र बदललं. ज्या तिघांच्या संशोधनातून ती घडली त्यांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता मूळ मुद्दा. वायर निघून गेली असं आपण म्हणतो. पण ती वायर काही कामं करत होती ना? ती कामं कुठं गेली? मला तीन कामं दिसतात.

पहिलं काम: न संपणारी वीज पुरवणं. भिंतीतल्या प्लगकडे आपण कधी ‘किती उरली?’ म्हणून पाहत नाही. बॅटरीला ते विचारावं लागतं. हिशेब सोपा आहे. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी घ्या. गुणाकार केला की ९० वॉट-अवर. तुमच्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॉट-अवर. म्हणजे ही भली मोठी बॅटरी एका युनिटच्या अकराव्या हिश्श्याइतकी! ८५० वॉटचा ग्राइंडर पूर्ण जोरात चालवायला तेवढीच वीज लागली, तर तो सहा-सात मिनिटांत ती रिकामी करेल. उलट स्क्रू पिळायला क्षणभरच वीज लागते. तीच बॅटरी बिजागऱ्या बसवायला घेतली तर दिवसभर तक्रार करत नाही.

यातून निवडीचा पहिला नियम निघतो. थांबत थांबत होणारं काम बॅटरीवर द्या, अखंड चालणारं काम वायरवर ठेवा. आमच्याकडे स्क्रू पिळणं, प्लायला भोकं पाडणं, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन कपाट बसवणं हे सगळं बॅटरीवर आहे. तासन्‌तास चालणारा राउटर, मोठी सॉ, धूळ ओढणारी मशीन आणि काँक्रीटच्या स्लॅबला भोकं पाडणारा मोठा हॅमर वायरवर आहे. नवीन इमारतीत, जिथं अजून वीज आलेली नाही, तिथं मात्र बॅटरीला तोड नाही.

एक उपमुद्दा. साधा ड्रिल-ड्रायव्हर आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर यांत गल्लत करू नका. ड्रिलच्या तोंडापाशी आकड्यांचं कडं असतं. त्यानं किती जोर लागल्यावर मशीननं सोडून द्यायचं ते ठरतं. इम्पॅक्टमध्ये सहसा ते कडं नसतं. तो फिरवता फिरवता ठोके देतो, म्हणून लांब स्क्रू लोण्यासारखा आत जातो. पण त्याच ठोक्यांनी बिजागरीचा छोटा स्क्रू प्लायमध्ये गरगर फिरतो आणि भोक वाया जातं. आमच्या नव्या पोरानं एका दुपारी चार दारं अशी खराब केली. मामांनी त्याच्या हातात साधा स्क्रू-ड्रायव्हर दिला आणि म्हणाले, “आठवडाभर हातानं पिळ. मग मनगटाला कळेल कुठं थांबायचं.” तेवढं एक शिक्षण कुठल्याही मशीनसोबत डब्यात येत नाही.

दुसरं काम: सगळ्यांशी जुळवून घेणं. तीन पिनांचा प्लग कुठल्याही कंपनीच्या मशीनचा असो, भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसतो. तो एक सार्वजनिक करार आहे. बॅटरी हा खाजगी करार आहे. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही. म्हणून तुम्ही दुकानात ड्रिल घ्यायला जाता तेव्हा खरं तर एका घराण्याशी सोयरीक करत असता. (हशा) पुढची दहा वर्षं जिगसॉ, ग्राइंडर, जे घ्याल ते त्याच घराण्यातलं.

समजा एखाद्या सुताराला २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतून हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत मिळाली. त्यानं काय पाहावं? माझ्या मते तीन गोष्टी. त्या कंपनीच्या घराण्यात आपल्याला पुढं लागणारी सगळी हत्यारं आहेत का? आपल्या तालुक्याच्या नाही तर निदान जिल्ह्याच्या गावी तिचं दुरुस्ती केंद्र आहे का? आणि नुसती बॅटरी सुटी मिळते का, केवढ्याला? पहिल्या खरेदीत दोन बॅटऱ्या आणि चार्जर घ्यावा, म्हणजे एक चालते तेव्हा दुसरी चार्ज होते. पुढं बॅटरीशिवाय नुसती मशीन स्वस्तात घेता येते.

आकड्यांना भुलू नका. १८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीनं जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर तेच पाच सेल वीसच्या वर जातात, म्हणून कोणी डब्यावर २० छापतं. ताकद तीच. आम्ही एकदा ४८ व्होल्ट लिहिलेला एक स्वस्त संच आणला. तीन महिन्यांत बॅटरी गेली. दुरुस्तीवाल्यानं उघडली तर आत पाचच सेल! मामा म्हणाले, “सर, आकडा डब्याला होता, बॅटरीला नव्हता.”

आता तिसरं काम, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. पिन काढली की मशीन मेली, ही खात्री वायर देत होती.

दोन वर्षांपूर्वी मी जिगसॉचं पातं बदलत होतो. जुनं मॉडेल, खटक्याला वेगळं कुलूप नव्हतं. एका हातानं मशीन धरली, दुसऱ्या हातानं पातं ओढत होतो. धरलेल्या हाताचं बोट खटक्यावर दाबलं गेलं. पातं दोन-तीनदाच वरखाली झालं असेल. तर्जनीला चार टाके पडले. मामांनी फडकं गुंडाळलं आणि एवढंच म्हणाले, “वायरवाली असती तर तुम्ही आधी पिन काढली असती.”

मी त्यावर खूप विचार केला, कारण ते खरं होतं. वायरची मशीन मी पिन काढल्याशिवाय कधीच उघडली नव्हती. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरनं १९२७ च्या ‘बीइंग अँड टाइम’ या ग्रंथात हातोडीचं उदाहरण घेतलंय. काम सुरळीत चाललेलं असतं तेव्हा हातोडी जाणवतच नाही. ती मोडली, सापडेनाशी झाली, की मग तिच्याकडे लक्ष जातं. वर्गात मी हे किती वर्षं शिकवलं! पण त्याचा अर्थ बोटाला टाके पडल्यावर कळला. वायर पायात यायची, अडकायची, कमी पडायची. म्हणून ती सतत लक्षात असायची. तो त्रास एक प्रकारची आठवण होता. त्रास गेला, त्याबरोबर आठवणही गेली. आता ती आपल्याला मुद्दाम ठेवावी लागते.

म्हणून कारखान्यात आम्ही एकच नियम भिंतीवर लिहिलाय: पातं, चकती, बिट, काहीही बदलण्याआधी बॅटरी बाहेर. मशीन दुसऱ्याला नेऊन द्यायची, पिशवीत ठेवायची, तरी बॅटरी बाहेर. नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतो. आणि तो मला विसरताना दिसला तर मलाही टोकतो. त्याला ती मुभा आहे.

वेळ संपत आलीय. दोन प्रश्न आलेत, ते घेतो.

“बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी का?” नाही. ती सवय जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातली. लिथियमला ते मानवत नाही. मधेच चार्ज करा, चालतं. तिला मानवत नाही ती उष्णता. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली किंवा बंद टेम्पोत बॅटरी ठेवू नका. कामावरून गरम आलेली बॅटरी जरा निवू द्या, मग चार्जरला लावा. महिनाभर वापरायची नसेल तर साधारण अर्धी भरून सावलीत ठेवा. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, घरी उघडायची नाही, आणि कचऱ्यातही टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराला विचारायला लाजू नका.

“जुनी वायरची मशीन विकून टाकू का?” मुळीच नको. ती चालतेय तोवर मोठी कामं तिच्याकडेच राहू द्या.

शेवटचं एक. खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडतो. गेल्या वर्षी रंध्या-पटाश्यांशेजारी मामांनी बॅटरीची मशीनही मांडली, पण बॅटरी काढून शेजारी वेगळी ठेवली. तिलाही हळदकुंकू वाहिलं. मी विचारलं, “वेगळी का?” तर म्हणाले, “हात जोडायचे तर आधी हात सलामत पाहिजेत ना?”