दिसतं तसं नसतं: तांब्याचा मुलामा दिलेली गोळी आणि घरी भरलेलं काडतूस

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे काय की' काढून टाकलेत, बाकी गप्पा त्याच आहेत.

आजचा विषय जरा वेगळा आहे. मी कामासाठी टेक्सासमध्ये राहतो. माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत, आयुष्यभर लेथ मशीनवर काम केलेले. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नाही, एक लांब टेबल आहे आणि त्यावर हाताने ओढायचा एक प्रेस बसवलेला आहे. या प्रेसवर ते पिस्तुलाची वापरलेली काडतुसं पुन्हा भरतात. इकडे याला रीलोडिंग म्हणतात आणि हा चांगला जुना छंद आहे. आपल्याकडे काडतूस म्हटलं की खडकी नाहीतर वरणगावचा कारखाना आठवतो. घरी कोणी काडतूस बनवतं, हेच मला पहिल्यांदा पटेना.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी यात फक्त बघ्या आहे. माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण मी त्यांत बसत नाही. त्यामुळे गॅरेजमध्ये माझे हात खिशात असतात आणि रेंजवर मी काचेच्या अलीकडे उभा असतो.

तर झालं काय?

मागच्या हिवाळ्यात काका (मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणतो) नव्याने भरलेली 9 मिमीची काडतुसं घेऊन रेंजवर गेले. एरवी त्यांची सगळी भोकं एका वाटीत मावतील इतकी जवळजवळ असतात. त्या दिवशी ती कागदभर पसरली होती. त्यातली दोन-तीन तर गोल नव्हतीच, लांबट होती, जुन्या कुलपाच्या चावीच्या भोकासारखी. म्हणजे गोळी नाकासमोर न जाता आडवी होऊन कागदावर आदळली होती.

काकांनी तिथेच थांबायचं ठरवलं आणि उरलेली काडतुसं डब्यात परत ठेवली. पिस्तूल तेच, दारू तीच, प्रेसही तोच. बदललेली गोष्ट एकच होती. नेहमीच्या गोळ्यांऐवजी या वेळी स्वस्त पडतात म्हणून तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळ्या आणल्या होत्या.

आधी शब्द नीट करून घेऊ

आपण मराठीत सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो. खरं तर काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाल्यावर गोळी जाते, प्रायमर आणि दारू जळून जातात, पण पुंगळी शाबूत राहते. चारांतला महाग भाग हाच, म्हणून तिचा पुनर्वापर. पुंगळी साफ करायची, साच्यातून दाबून मूळ मापाला आणायची, नवा प्रायमर बसवायचा, तोंड किंचित फाकवायचं, मोजून दारू टाकायची, गोळी बसवायची आणि फाकवलेलं तोंड पुन्हा सरळ करायचं. या शेवटच्या पायरीला क्रिंप म्हणतात. आपली सगळी भानगड इथेच आहे.

मुलामा आणि जॅकेट

पिस्तुलाची गोळी आतून बहुतेकदा शिशाची असते. शिसं जड आणि मऊ. पण नुसतं शिसं नळीला चिकटतं आणि त्याची बारीक धूळ हवेत उडते. म्हणून त्यावर तांबं चढवतात, आणि ते दोन प्रकारे.

पहिला प्रकार जॅकेटचा. साधारण 95 टक्के तांबं आणि 5 टक्के जस्त अशा मिश्रधातूची वाटी ओढून तिच्यात शिसं दाबून बसवतात. हे आवरण जाड आणि कडक असतं.

दुसरा प्रकार मुलाम्याचा. शिशाची गोळी साच्यात घडवून विद्युत विलेपनाच्या टाकीत सोडतात आणि तिच्यावर तांब्याचा थर चढू देतात. शाळेत मोरचुदाच्या द्रावणात किल्लीवर तांबं चढवलं होतं, आठवतंय? तत्त्व तेच. मग ती गोळी पुन्हा साच्यात दाबून माप पक्कं करतात. हा थर बहुधा 0.1 ते 0.25 मिलिमीटरचा, शुद्ध तांब्याचा, म्हणजे मऊच.

टेबलावर दोन्ही शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक कळणार नाही. एक ग्रॅम सोन्याची बांगडी आणि खरी बांगडी लग्नाच्या फोटोत सारखीच दिसते ना, तसं.

मुलाम्याची गोळी वाईट असते असं मुळीच नाही. ती स्वस्त असते. शिवाय तिला बुडापासून टोकापर्यंत तांबं असतं. साध्या जॅकेटवाल्या गोळीचं बूड बहुतेकदा उघडं असतं आणि तिथलं शिसं गरम वायूने झिजतं. बंदिस्त रेंजवर श्वास घेणाऱ्यांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. फक्त तिला जॅकेटवाली समजून वागवायचं नाही.

घट्ट केलं की सैल होतं

घरी आल्यावर काकांनी एक पोकळ हातोडी काढली. तिच्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी सुटून बाहेर येते. गोळी भिंगाखाली धरली तेव्हा तिच्या अंगावर गोल कापलेली रेघ दिसली आणि रेघेत राखाडी शिसं चमकत होतं. क्रिंप जास्त बसला होता. पुंगळीच्या तोंडाने तांब्याचा थर सुरीसारखा कापला होता.

नळीच्या आत पीळदार खाचा असतात. त्या गोळीला पकडून फिरवतात आणि या फिरकीमुळेच गोळी भोवऱ्यासारखी स्थिर राहते. थर कापलेला असेल तर तो तिथून सोलवटतो, पकड सुटते आणि गोळी गडबडते. कागदावरची लांबट भोकं तिथून आली होती.

मला खरी गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. मी म्हटलं, क्रिंप जास्त म्हणजे निदान गोळी घट्ट तरी बसली असेल. काका हसले. त्यांनी दुसरं काडतूस घेऊन गोळीचं टोक टेबलावर अंगठ्याच्या जोराने दाबलं. कॅलिपरने आधी आणि नंतर लांबी मोजली. गोळी आत सरकली होती!

कारण साधं आहे. जोरात दाबलं की पितळही दबतं आणि शिसंही दबतं. दाब काढला की पितळ स्प्रिंगसारखं थोडं मागे येतं, शिसं मात्र दबलेलंच राहतं. दोघांमध्ये फट पडते. म्हणजे जितकं आवळाल तितकं सैल.

ही सैल गोळी धोकादायक आहे. पिस्तुलात काडतूस वर चढताना गोळीला धक्का बसतो. ती आत सरकली तर दारूला जागा कमी मिळते आणि दाब झपाट्याने वाढतो. 9 मिमी काडतुसासाठी अमेरिकेतली ठरलेली कमाल मर्यादा 35,000 पीएसआय आहे. कारच्या टायरमध्ये 30-35 असतो, त्याच्या हजारपट. हे सगळं हातात धरलेल्या वस्तूत घडत असतं.

काकांचा प्रेस जॅकेटवाल्या गोळ्यांसाठी लावलेला होता. गोळी बदलली, सेटिंग तसंच राहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी बदलली आणि जुनी कॉन्फिग फाईल तशीच प्रॉडक्शनला गेली. इंटरफेस तोच होता, म्हणून एररही आली नाही.

मग त्यांनी काय बदललं?

क्रिंप इतकाच ठेवला की फाकवलेलं तोंड फक्त सरळ व्हावं. गोळीला धरून ठेवायचं काम पुंगळीच्या भिंतीचं आहे, क्रिंपचं नाही. गोळी बसताना थर खरवडू नये म्हणून तोंड आधीपेक्षा जरा जास्त फाकवलं. नव्या सेटिंगवरची पहिली काही काडतुसं पुन्हा फोडून गोळीवर रेघ आहे का ते पाहिलं.

वेगाचाही प्रश्न असतो. पातळ मुलाम्याच्या गोळ्यांना उत्पादक बहुधा सेकंदाला 1,200 ते 1,250 फुटांची, म्हणजे साधारण 365 ते 380 मीटरची मर्यादा सांगतात. जाड थरवाल्यांना त्याहून जास्त. म्हणून दारूचं प्रमाण गोळीच्या आणि दारूच्या उत्पादकाने छापलेल्या तक्त्यातूनच घ्यायचं, तेही सर्वांत खालच्या आकड्यापासून. मी या भागात एकही प्रमाण सांगितलेलं नाही, ते मुद्दाम. पॉडकास्टवर ऐकून दारू मोजायची नसते.

दारू कमी पडली तरी संकटच. गोळी नळीतच अडकते, आवाज नुसता 'फुस्स' येतो आणि न तपासता पुढचा बार काढला तर नळी फाटू शकते. म्हणून काका प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावतात. त्या वेळी गाणी बंद, फोन बंद आणि माझी बडबडही बंद. काम संपलं की गार पाण्याने साबण लावून हात धुतात, कारण जळलेल्या प्रायमरच्या धुळीतही शिसं असतं.

भारतातल्या श्रोत्यांसाठी एक ओळ: आपल्याकडे शस्त्र कायदा, 1959 प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. हा भाग समजून घेण्यासाठी आहे, करून बघण्यासाठी नाही.

त्या दिवशी काकांनी उरलेली सगळी काडतुसं, जवळपास दोनशे, एकेक करून फोडली. तीन संध्याकाळी गेल्या. मी विचारलं, यातली बरीचशी ठीक असतील ना? ते म्हणाले, "असतीलही. पण कुठली, ते मला माहीत नाही."

सोमवारी ऑफिसात मी माझा एक अर्धवट तपासलेला रिलीज मागे घेतला. मॅनेजरला कारण सांगितलं नाही, तुम्हाला सांगितलं.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि काही बदललंत तर सेटिंग एकदा तपासा!