वैरणीची पारख

मुंबईत हिंदमातेपासून जवळच, परळ येथे, १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. अशा शहरातील तबेल्यांची वैरण बाहेरून येते. घेणारास शेत दिसत नाही, केवळ भारा दिसतो. टंचाईच्या दिवसांत विकत वैरण आणणार्‍या शेतकर्‍याचीही हीच स्थिती होते. म्हणून भार्‍यावरून वैरणीची प्रत ओळखण्याची हातोटी प्रत्येकाने साध्य करावी.

रवंथ करणार्‍या जनावरांच्या कोठीपोटातील सूक्ष्म जंतू तंतुमय वैरण पचवितात. आहाराच्या शुष्कांशात प्रथिने सुमारे ७ टक्क्यांहून कमी झाली की त्यांचे कार्य मंदावते. भाताच्या पेंढ्यात ती ३ ते ४ टक्केच असतात. लसूणघासात मात्र १५ ते २० टक्के असतात. यास्तव निव्वळ पेंढ्याने पोट भरले तरी जनावर खंगते व दूध आटते.

पारख पुढीलप्रमाणे करावी :

(१) शुष्कांश : ओल्या वैरणीत पुष्कळसे पाणीच असते. एक किलो वैरण बारीक कापून, वजन घटणे थांबेपर्यंत उन्हात वाळवावी. २०० ग्रॅम उरल्यास शुष्कांश सुमारे २० टक्के समजावा. अशा २५ किलो वैरणीतून ५ किलो कोरडे अन्न मिळते. शुष्कांश १५ टक्के असल्यास पावणेचार किलोच मिळते. भाव ठरविताना हा फरक ध्यानात घ्यावा.

(२) पाने : प्रथिने पानांत अधिक असतात. पाने झडलेली, निव्वळ ताटांची पेंडी कमी प्रतीची समजावी.

(३) कापणीची वेळ : पीक जून होते तसतसे ताट कठीण होऊन पचनास जड जाते. चार्‍याची ज्वारी सुमारे निम्मी फुलोर्‍यात आली असता कापावी. कोवळी किंवा पाण्याच्या ताणाने सुकलेली ज्वारी मुळीच घालू नये. किराळ लागून जनावर थोड्या वेळात दगावते.

(४) रंग व वास : वाळल्या गवतात हिरवट झाक व गोड वास असावा. पेंडी मधोमध सोडून पाहावी. आत काळी, कुबट अथवा बुरशी आलेली वैरण नाकारावी.

गव्हाणीत रोज काय उरते तेही पाहावे. जाड ताटे उरत असल्यास कडबा कापून घालावा व जोडीस द्विदल चारा द्यावा. शंका असल्यास नमुना पशुवैद्यकीय अधिकार्‍यांस दाखवावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शुष्कांशाचा प्रयोग गावात सर्वांसमक्ष करून दाखविल्यास, पाण्याचे दाम देण्याची पाळी शेतकरी बंधूंवर येणार नाही.